वॉरंटी शिल्लक असलेली गाडी घ्यावी, की सर्व्हिसची पूर्ण फाइल असलेली?

चारचाकी_शोध

एकाच मॉडेलच्या दोन वापरलेल्या गाड्या बघून ठेवल्या आहेत. दोन्ही मॅन्युअल, दोन्हींना तेच टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन. टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवायला, चेन नाही, बेल्ट आहे. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल दर १०,००० किमी किंवा १ वर्षाने आणि बेल्ट ९०,००० किमी किंवा ६ वर्षांनी, जे आधी भरेल तेव्हा, असं दिलंय.

गाडी अ: ४ वर्षं जुनी, ४१,००० किमी. मूळ वॉरंटी संपली, पण कंपनीची वाढीव वॉरंटी अजून १४ महिने आहे. पहिल्या दोन सर्व्हिस १०,००० आणि १९,५०० किमीला, अधिकृत वर्कशॉपमध्ये. त्यानंतर २२ महिने एकही नोंद नाही, आणि मग थेट ३८,५०० ची सर्व्हिस. मालक म्हणतात, मधलं ऑइल बाहेर बदललं होतं. बिल नाही.

गाडी ब: साडेसहा वर्षं जुनी, ७८,००० किमी. कंपनीची कुठलीच वॉरंटी उरलेली नाही, पण सातही सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली आहेत. विक्रेता स्वतःकडून 'इंजिन आणि गिअरबॉक्सची १२ महिन्यांची वॉरंटी' देतोय.

अ थोडी महाग आहे, पण किमतीवर निर्णय व्हावा एवढा फरक नाही. मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. अ च्या नोंदींतला खंड किती गंभीर धरायचा? विक्रेत्याच्या वॉरंटीला किती वजन द्यायचं? आणि पूर्ण फाइल असली म्हणजे ब निर्धास्तपणे घ्यावी का?

बिलं_वाचणारा

वॉरंटी एका पारड्यात आणि सर्व्हिसच्या नोंदी दुसऱ्या पारड्यात, असं मांडूच नका. वॉरंटी नोंदींवरच उभी असते. अ च्या करारात 'ठरल्या वेळी, ठरल्या ग्रेडच्या ऑइलने सर्व्हिस झालेली असावी' ही अट असणारच. उशीर झाला तर सवलत मिळते ती साधारण महिनाभराची किंवा हजार-दीड हजार किमीची. इथे एकाच टप्प्यात २२ महिने आणि १९,००० किमी गेलेत. उद्या टर्बो गेला, तर क्लेम तपासणारा माणूस सगळ्यात आधी हेच पान उघडणार.

म्हणून पैसे देण्याआधी वॉरंटी देणाऱ्याला गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर देऊन लेखी विचारा: करार आज चालू आहे का? या नोंदी पाहता इंजिन आणि टर्बोचा क्लेम ग्राह्य धराल का? मालक बदलल्यावर करार नव्या नावावर होतो का, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांवर? शेवटचा प्रश्न औपचारिक वाटेल, पण काही करारांत नावबदलाची मुदत चुकली की वॉरंटी तिथेच संपते, आणि काहींत गाडी व्यापाऱ्यामार्फत विकली गेली तर ती पुढे जातच नाही. फोनवर कोणी 'हो, चालू दिसतेय' म्हणालं तर त्यावर विसंबू नका. सिस्टीममध्ये करार चालू दिसणं वेगळं आणि क्लेम मंजूर होणं वेगळं.

खंडामुळे सगळंच बुडतं असंही नाही. बऱ्याच करारांत चुकलेली सर्व्हिस आणि बिघडलेला भाग यांचा संबंध पाहिला जातो. ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून खिडकीच्या मोटरचा किंवा एसी कॉम्प्रेसरचा क्लेम सहसा नाकारला जात नाही. पण तुम्हाला वॉरंटी खरी हवी आहे ती महागड्या भागांसाठी, आणि ऑइलवर जगणारे भाग नेमके तेच आहेत.

मालकांकडे मधल्या ऑइलचं बिल नसेल तर निदान पैसे दिल्याची नोंद, ऑइलच्या डब्याची किंवा फिल्टरची खरेदी, गॅरेजवाल्याच्या वहीतली तारीख आणि रीडिंग, यातलं काहीतरी मागा. खरंच बदललं असेल तर काही ना काही माग राहतोच. काहीच नसेल तर ऑइल बदललेलं नाही असं धरून पुढचा हिशोब करा.

आता ब ची फाइल. 'बिलं आहेत' एवढ्यावर थांबू नका, ती वाचा. पुस्तिकेवरचा शिक्का फक्त तारीख सांगतो, काम काय झालं ते बिल सांगतं. प्रत्येक बिलावर ऑइलची ग्रेड, लिटर आणि ऑइल फिल्टरचा पार्ट नंबर आहे का बघा. इंजिनात साडेतीन लिटर मावत असताना बिलावर अडीच लिटर असेल, किंवा ऑइल आहे आणि फिल्टर नाही, तर ती सर्व्हिस अर्धीच झाली. तीच तक्रार दोन-तीन बिलांवर परत परत आली असेल तर तो दोष कधी सुटलाच नाही. आणि 'टॉप-अप' (कमी झालेलं वरून भरणं) हा शब्द दिसला की थांबा. सातही बिलांवरच्या ओळी इथे टाकता आल्या तर टाका.

रॅम्पखालून

सगळ्यात आधी ब चा बेल्ट. पुस्तिकेत ९०,००० किंवा ६ वर्षं आहे. किमी ७८,००० म्हणून अजून अवकाश आहे असं वाटतं, पण गाडी साडेसहा वर्षांची आहे, म्हणजे वर्षांच्या हिशोबाने मुदत ६ महिन्यांपूर्वीच उलटली. फाइल कितीही नीट असली तरी ही चूक सहज होते, कारण शेवटच्या सर्व्हिसला ६ वर्षं भरलेली नसतात आणि पुढची अजून आलेली नसते. बहुतेक बेल्टवाल्या इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येताना उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हना धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, कधी पिस्टनलाही मार बसतो. रबर वयाने कडक होतं आणि त्याला भेगा पडतात, म्हणून वर्षांची मुदतही किमीइतकीच पाळायची असते. बिलात बेल्ट नसेल तर तो बदललेला नाही, असंच समजा.

आता अ. एका ऑइलवर १९,००० किमी गेले असतील तर टर्बो पेट्रोल इंजिनात काय होतं? टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. जुनं ऑइल उष्णतेने जळून टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक नळीत कोळशासारखं बसतं. नळी अरुंद झाली की बेअरिंग कोरडं पडतं. दुसरीकडे पिस्टनच्या ऑइल रिंगांची भोकं बुजतात आणि इंजिन ऑइल खायला लागतं. हे नुकसान नंतर ताजं ऑइल घातल्याने भरून निघत नाही. ३८,५०० ला सर्व्हिस झाली म्हणून डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ दिसणारच, त्यावरून काही ठरवू नका.

बघायचं असं: ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्चने आत पाहा. कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) आसपासचा धातू स्वच्छ किंवा मधाच्या रंगाचा असेल तर ठीक. डांबरासारखा काळा थर किंवा बोटाला लागणारा गाळ दिसला तर गाडी सोडा. झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नका, फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी साचूनही ती येते. मात्र कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर त्याच सायीचा अर्थ बदलतो, ते ऑइलमध्ये मिसळत असू शकतं.

मग टर्बोच्या तोंडाचा हवेचा पाइप काढून घ्या, इंजिन बंद आणि गार असताना. शाफ्ट बोटांनी हलवला तर बाजूला किंचित हलणं चालतं, पण आत-बाहेर सरकलेलं जाणवता कामा नये. पाती घराला घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर टर्बो संपलाय. पाइपच्या आत ऑइलचा हलका थर असतो, डबकं असू नये.

शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. आकडा किती येतो त्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. पेट्रोलमध्ये साधारण १० ते १३ बार येतात, आणि सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नसावं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील).

रीडिंग_तपास

एक मुद्दा राहिला. अ च्या नोंदी नसलेल्या २२ महिन्यांत गाडी किती फिरली हे फक्त मीटर सांगतोय, त्याला दुसरा साक्षीदार नाही. पहिल्या दोन सर्व्हिस बघता गाडी महिन्याला हजारभर किमी फिरत होती. खंडाच्या काळात ते साडेआठशेवर आलं आणि शेवटच्या सर्व्हिसनंतर तर महिन्याला साडेतीनशे-चारशे. वापर कमी होऊ शकतो, नोकरी बदलते, घर बदलतं. पण कारण विचारा आणि ते गाडीवरच्या झिजेशी ताडून पाहा.

मीटर मागे घेताना बहुतेक वेळा डॅशबोर्डातला आकडा बदलतात. बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या, एबीएसच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये, काहींत चावीतही, अंतर वेगळं साठवलेलं असतं. त्या कंपनीचं निदान-यंत्र असलेल्या माणसाकडून सगळी युनिटं वाचून घ्या. साध्या ओबीडी स्कॅनरनेही (गाडीच्या संगणकातले एरर कोड वाचणाऱ्या छोट्या यंत्रानेही) दोन उपयोगी आकडे मिळतात: एरर कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, आणि पुसल्यापासून इंजिन किती वेळा गार अवस्थेतून गरम झालं. कोड पुसून ३० किमीच झाले असतील तर तुम्हाला दाखवण्याआधी कोणीतरी चेक इंजिनचा दिवा घालवलाय. 'रेडिनेस मॉनिटर' (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) अपूर्ण दिसले तरी अर्थ तोच, किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी शे-दीडशे किमी वेगवेगळ्या वेगांनी चालवून परत स्कॅन करायला सांगा. तयारी नसेल तर कारण उघड आहे.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस आणि ऑइलचे दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो जास्त संशयाचा.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ४१,००० किमीच्या गाडीवर मूळचे टायर असू शकतात, नवेही असू शकतात. पण चारही टायर दुसऱ्यांदा बदलल्यासारखे दिसत असतील, ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली असेल, तर ४१,००० हा आकडा गाडीला शोभत नाही. काचांच्या कोपऱ्यातले कोड आणि सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरची तारीखही गाडीच्या वर्षाशी जुळवा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर दगड लागला असेल, पण एकाच बाजूच्या दोन काचा आणि बेल्ट वेगळे निघाले तर गाडी त्या बाजूने लागलेली आहे.

करारातली_ओळ

विक्रेत्याच्या १२ महिन्यांच्या वॉरंटीबद्दल. 'इंजिन आणि गिअरबॉक्स' हे शब्द ऐकायला मोठे वाटतात, म्हणून मूळ कागद हातात घेऊन तो कोणत्या पद्धतीने लिहिलाय ते आधी बघा. एका पद्धतीत समाविष्ट भागांची यादी असते, यादीत नाही ते बाहेर. दुसरीत वगळलेल्या भागांची यादी असते, बाकी सगळं आत. दुसरी पद्धत ग्राहकाच्या बाजूची. विक्रेत्यांच्या वॉरंट्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात आणि त्यांत 'इंजिन' म्हणजे 'इंजिन ब्लॉकच्या आतले, ऑइलने वंगण होणारे फिरते भाग' अशी व्याख्या दिलेली असते. या व्याख्येतून टर्बो, इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप, सेन्सर, कंट्रोल युनिट, वॉटर पंप, रेडिएटर आणि सगळे गॅस्केट-सील निसटतात. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू, ती कुठल्याच वॉरंटीत धरून चालू नका. टायमिंग बेल्ट सहसा देखभालीत मोडतो, आणि मुदत उलटलेला बेल्ट तुटून इंजिन गेलं तर क्लेम नाकारायला त्यांच्याकडे उत्तम कारण असतं. ब च्या बाबतीत हे तंतोतंत लागू आहे.

मग 'पूर्वीपासून असलेला दोष' हे कलम वाचा. दोष खरेदीच्या दिवशी होता की नंतर झाला, हे सिद्ध कोणी करायचं? ते तुमच्यावर असेल तर विकत घेण्याच्या दिवशीचा स्वतंत्र मेकॅनिकचा तपासणी अहवाल हाच तुमचा पुरावा. काही करारांत पहिले ३० किंवा ९० दिवस क्लेमच करता येत नाही. म्हणजे १२ महिन्यांतले तीन तिथेच गेले.

पैशांची मर्यादा दोन ठिकाणी असते: एका क्लेमला किती आणि पूर्ण मुदतीत मिळून किती. गिअरबॉक्सच्या पूर्ण कामाचा अंदाज एखाद्या वर्कशॉपकडून काढा आणि एका क्लेमच्या मर्यादेशेजारी ठेवून बघा. मर्यादा निम्म्याहून कमी असेल तर त्या वॉरंटीचा मोठ्या कामाला उपयोग नाही आणि लहान काम तुम्ही तसंही स्वतः केलं असतं. याशिवाय इंजिन उघडून दोष शोधण्याचा खर्च कोणाचा, हे विचारा. बरेचदा क्लेम मंजूर झाला तरच तो मिळतो. नाकारला तर उघडलेलं इंजिन आणि उघडण्याची मजुरी दोन्ही तुमच्या गळ्यात. आणि एक सवय लावून घ्या: मंजुरीचा क्रमांक हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात करू द्यायची नाही. आधी दुरुस्त करून मग बिल पाठवलं तर जवळपास कोणताच करार पैसे देत नाही.

वॉरंटी विक्रेत्याची स्वतःची आहे की मागे वेगळी विमा कंपनी आहे, हेही बघा. स्वतःची असेल तर दुकान बंद झालं की वॉरंटीही गेली.

जाता जाता: रिकॉल हा विषय वॉरंटीपासून वेगळा आहे. सुरक्षेसाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाडीचं काम वॉरंटी संपलेली असली तरी सामान्यतः मोफत होतं. दोन्ही गाड्यांचे चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून काही काम प्रलंबित आहे का पाहा. नंबर लिहून घेताना लक्षात ठेवा, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. तसं काही दिसलं तर ते एक किंवा शून्य असणार.

चारचाकी_शोध

सगळ्यांचे आभार. ब ची बिलं परत नीट पाहिली. सातही बिलांवर ऑइल ३.५ लिटर, योग्य ग्रेड, फिल्टर पार्ट नंबरसह आहे. दोन सर्व्हिसमध्ये ९ ते ११ महिन्यांचं अंतर. बाकीच्या ओळी अशा:

९,८०० – आणखी काही नाही
१९,६०० – एअर फिल्टर, केबिन फिल्टर
२९,७०० – ब्रेक फ्लुइड
४०,१०० – एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पुढचे ब्रेक पॅड
५०,२०० – कूलंट टॉप-अप अर्धा लिटर
६०,३०० – ब्रेक फ्लुइड, एअर फिल्टर, कूलंट टॉप-अप पाऊण लिटर
७०,४०० – केबिन फिल्टर, कूलंट टॉप-अप सव्वा लिटर. तक्रार: उभ्या गाडीत हीटर गार पडतो. शेरा: कूलंट भरून दिलं, आता ठीक

बेल्टचा उल्लेख कुठेच नाही.

बिलं_वाचणारा

अर्धा, पाऊण, सव्वा. तुमचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते, त्यातलं कूलंट उडून जात नाही. वर्षाकाठी पातळी बोटभर खाली गेली तर समजू शकतो, पण दर सर्व्हिसला आधीपेक्षा जास्त घालावं लागत असेल तर ते कुठूनतरी जातंय आणि गळती वाढतेय. हीटरची तक्रारही त्याच माळेतली: पातळी खाली गेली की हीटरच्या कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) हवा अडकते, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) पंपाचा जोर कमी असल्याने गरम पाणी तिथवर पोचत नाही आणि हवा गार येते. तिन्ही वेळा वर्कशॉपने कूलंट भरलं, गळती कोणीच शोधली नाही.

ब्रेक फ्लुइड अडीच-अडीच वर्षांनी बदललंय, दोन वर्षांनी हवं होतं. फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून मुदत वर्षांत मोजतात. पण इथे ही किरकोळ बाब आहे.

म्हणून ब वाईट ठरत नाही. उलट, फाइल होती म्हणून हा दोष पैसे देण्याआधी दिसला. अ मध्येही असंच काही चालू असेल, पण ते सांगणारा कागदच नाही. माझा कल तरीही ब कडे आहे. फक्त कूलंट कुठे जातंय हे कळल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

रॅम्पखालून

कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन पूर्ण गार असताना करायची. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. पातळी पूर्ण भरून झाकणाच्या जागी हातपंप लावायचा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत, बहुतेक गाड्यांत १.१ ते १.४ बार, हवा भरायची. त्याहून जास्त नको, नाहीतर धड असलेली जागाही फुटेल. १५ ते २० मिनिटं काटा हलता कामा नये. झाकणही वेगळं तपासा, कधी कधी दोष फक्त त्याच्या सीलचा निघतो आणि सगळं तिथेच संपतं.

काटा उतरला तर गाडी रॅम्पवर घेऊन टॉर्च मारा. कूलंट सुकलं की पांढरा, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे ठेवतं. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोड, होजच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं घर, आणि वॉटर पंपाच्या अंगावरचं बारीक भोक बघा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर येतं. पायाशी गालिचा ओला आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर हीटर कोअर. ते काम डॅशबोर्ड उतरवून करावं लागतं, म्हणून ही जागा विसरू नका.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा तरी उतरतोय, तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता. मग दुसरी टेस्ट: इंजिन गरम होऊन चालू असताना एक्स्पान्शन टाकीतली (कूलंट भरायच्या टाकीतली) हवा निळ्या रसायनातून ओढतात. द्रव पिवळा झाला म्हणजे जळालेला गॅस कूलंटमध्ये येतोय, हेड गॅस्केट किंवा हेडला भेग. पातळी आधी थोडी उतरवून घ्या, कूलंट त्या द्रवात ओढलं गेलं तर टेस्ट फुकट जाते. पिवळा झाला तर ब चा विषय संपला, कितीही सूट दिली तरी.

तुमच्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो का ते विचारून घ्या, अनेक इंजिनांत तसा असतो. तसं असेल आणि गळती पंपाचीच निघाली तर दोन्ही कामं एकाच उघडण्यात होतात. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर पुली, पंप, त्याचं गॅस्केट आणि नवं कूलंट, असा पूर्ण संच बदलायचा. नुसता बेल्ट बदलून जुना टेन्शनर ठेवला तर त्याचं बेअरिंग जाऊन नवा बेल्टही उतरतो. उलट बाजूही ध्यानात घ्या: पंपाचं कूलंट बेल्टवर ठिबकत असेल तर मुदत उलटलेला बेल्ट आणखी धोक्यात आहे. तोवर लांबची टेस्ट ड्राइव्ह नको.

चारचाकी_शोध

समजलं. अ च्या वॉरंटीबद्दल लेखी विचारलंय. ब चा विक्रेता प्रेशर टेस्टला तयार आहे, आणि गळती पंपाची निघाली तर बेल्टचं काम आपल्याच गॅरेजमध्ये करून देतो म्हणतोय. करून घ्यावं, की तेवढी किंमत कमी करून बाहेर करावं?

रॅम्पखालून

किंमत कमी करून घ्या आणि तुमच्या माणसाकडून करवून घ्या. विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या कामात स्वस्त संच वापरला जायची भीती असते, आणि कव्हर बसलं की आत काय बसवलंय ते दिसत नाही. त्यांनीच करायचं ठरलं तर संचाचं सीलबंद खोकं आधी दाखवायला सांगा, बिलावर प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना बेल्ट, टेन्शनर, पंप परत मागा. जुन्या पंपाच्या भोकाखाली सुकलेल्या कूलंटचा ओघळ दिसला पाहिजे. तो नसेल तर गळती दुसरीकडेच होती. काहीही असलं तरी नवं कूलंट भरल्यावर तीन-चार दिवसांनी, गार इंजिनावर, परत प्रेशर टेस्ट करायची. बाकीचे पैसे त्या टेस्टनंतर द्या. बेल्ट बदलल्याची तारीख आणि रीडिंग लिहिलेलं लेबल टायमिंग कव्हरवर चिकटवून घ्या, पुढची ६ वर्षं तिथून मोजायची.